उसाच्या फडातून आलेला भूगोल

मंदे,

तुझा श्वास थांबला तेव्हा मी तुझ्या पलंगाशेजारी बसून तुरीची डाळ निवडत होते. भाऊजी दाराला टेकून पेपर चाळत होते. खोली इतकी शांत होती की मला वाटलं, इंजेक्शनानं तुला गाढ झोप लागली. भाऊजी उठले, तुझ्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "शोभाताई, हिचा त्रास गेला."

खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, डाळीचं ताट ओट्यावर ठेवताना. उन्हाळाभर तू कण्हत होतीस. हाडापर्यंत गेलेलं ते दुखणं कूस बदलू देत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि तुझा चेहरा पुन्हा तुझा झाला. तू लिंबाचं सरबत मागितलंस, साखर कमी म्हणून कुरकुर केलीस. तू कुरकुर केलीस याचा आम्हाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तशीच गेलीस, न कण्हता. यापेक्षा जास्त मी देवाकडं काही मागितलं नव्हतं.

आता घर आवरलंय. तुझा मुलगा पुण्याला परत गेला. मी शाळेत जायला लागले. परभणीच्या स्टेशनवर सकाळची पॅसेंजर पकडते, पिंगळीला उतरते, टमटममध्ये बसते. एवढी वर्षं हा प्रवास आपण भांडत केला, त्यामुळं तो कधी लांब वाटला नाही. आता लांब वाटतो.

भांडण एकच होतं, फक्त रोज नव्या तोंडानं यायचं. मी गणित-विज्ञानाची. माझं म्हणणं, धडा वर्गात शिकवावा, फळ्यावर शिकवावा, आणि पोरांनी पेपरात लिहावा. तुझं म्हणणं, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हे चार भिंतींत मावतच नाहीत. तू नववीला पूर्णेला घेऊन गेलीस, जंक्शनच्या फलाटावर उभं केलंस आणि विचारलंस, "गाड्या इथंच का फुटतात? पिंगळीत का नाही फुटत?" पोरांनी एका म्हाताऱ्या निवृत्त गँगमनला पकडलं. दुपारपर्यंत त्याला सोडलं नाही. मी म्हटलं, "मंदे, पेपरात पूर्णा जंक्शन येत नाही." तू म्हणालीस, "पेपरात नदी येते ना? डोंगर येतो ना? मग रूळ कुठून जातो ते कळलं की तेही कळतं."

ग्रामपंचायतीच्या सभेलाही तू पोरं नेलीस. तिथं सहावीतल्या एका पोरीनं सगळ्यांसमोर विचारलं, "म्याडम, सरपंच तर काकू हायत ना? मग खुर्चीवर काका कामून बसलेत?" सभा गार पडली. सरपंचबाई पदर तोंडाला लावून हसल्या. काका उठले मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर येऊन तू मला एवढंच म्हणालीस, "पोरीला नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी द्यायचे का गं?"

हे सगळं मी हसून सोडून देत होते. सोडता आलं नाही ते उसाचं.

आपल्या शाळेतला दर वर्षीचा तो प्रकार. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला निघायची, सांगली-कोल्हापूरकडं. ट्रॅक्टरमध्ये भांडी, शेळ्या, लेकरं. वर्गातले बाक रिकामे व्हायचे. मी वर्गशिक्षिका, हजेरी माझ्याकडं. मी सरपंचांच्या, अधिकाऱ्यांच्या मागं लागायची की मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह काढा, आजी-आजोबांपाशी ठेवा, पण लेकरं शाळेत राहू द्या. काही राहायची, बाकीची जायची. आणि तू काय केलंस? जाणाऱ्या पोरांना उभं केलंस आणि म्हणालीस, "तुम्ही आपल्या वर्गाचे बातमीदार. शनिवारी सकाळी शाळेत फोन करायचा. नदी, माती, पिकं, माणसं, बोली, जे बघाल ते सांगायचं. स्वतः बघितलेलं असेल तर बघितलं म्हणायचं, ऐकलेलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते सांगायचं."

मला राग आला होता. गाडीत मी म्हटलं होतं, "त्यांची शाळा बुडते, मंदे. त्याला तू सहल करून टाकलीस."

"ती जाणारच आहेत शोभे. जाऊन रिकाम्या हातानं येतात. आल्यावर मान खाली घालून मागच्या बाकावर बसतात. मला ते बघवत नाही."

"मग जाऊ देऊ नकोस!"

"तू थांबव. ज्यांना तुला थांबवता येणार नाही, त्यांचं मी बघते."

या भांडणाला शेवट नव्हता. दोघी आपापलं करत राहिलो.

मग रेणुका आली. दर वर्षी उसाला जाणाऱ्या गंगाधरची थोरली, तेव्हा नववीत. तुझे सगळे बातमीदार दोन-तीन शनिवारांत ढेपाळायचे, ही ढेपाळली नाही. गंगाधर शनिवारी आपला फोन तिच्यापाशी कोपीवर ठेवून जायचा, कोपी म्हणजे फडाजवळची त्यांची पालाची झोपडी. तू फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवायचीस आणि सगळी नववी भोवती गोळा व्हायची. पोरांनी शाळेच्या ओट्यावर विटकरीच्या तुकड्यांनी नकाशा काढला होता. रेणुका सांगेल तसा तो वाढायचा.

"म्याडम, इथली माती आपल्यावाणी काळीच हाय, पन भेगा न्हाईत. पाटाचं पानी बारमाही हाय."

"कुणी सांगितलं बारमाही?"

"मळ्याच्या मालकिणीनं. मी नुस्ता पाट बगितलाय. अन् म्याडम, इथल्या बाया 'मी आलो, मी गेलो' म्हनत्यात. गड्यावाणी."

वर्ग खो खो हसला. तू दटावलंस, "हसता कशाला? आपलं 'करायलाव, जायलाव' ऐकून त्यांना हसू येत नसेल?"

फोनमधून रेणुका म्हणाली, "येतंय की म्याडम. माज्यावर लय हसल्या."

त्या दिवशी मी तास संपवून दाराशी उभी होते. मीही हसले. तू मला बघितलंस, पण काही बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस, मला चिडवायची ती चांगली संधी होती.

संक्रांत झाली आणि फोन थांबले. गंगाधरचा नंबर बंद लागायचा. मजूर नेणाऱ्या मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, टोळी सरकली, कुठं सरकली ते कारखान्याला माहीत. मग दुसऱ्या टोळीतला गावचा एक जण मयतीला म्हणून फडावरून आला होता, तो पानटपरीवर बोलला, "गंगाधरच्या पोरीचं जमायलंय तिकडंच. पोरगंबी तोडीतलंच हाय." म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते. नववीतल्या पोरीचं लग्न म्हणजे पुढच्या हंगामाला घरातून आणखी एक कोयता.

मी म्हटलं, पोलिसांना फोन कर. तू म्हणालीस, "करू. पण कुठं आहे म्हणून सांगणार? आधी आपण जाऊ."

"कुठं जाणार? कारखान्याचं नाव माहीत आहे, पण त्याचे फड काय एक आहेत?"

तू नववीला ओट्यावर नेलंस. म्हणालीस, "रेणुकाला शोधायचंय. तिनं शेवटच्या फोनमध्ये काय सांगितलं ते आठवा." आणि पोरं आठवायला लागली, मंदे! मी बघत उभी होते. एक पोरगा म्हणाला, आधी तिला कारखान्याची चिमणी उगवतीला दिसायची, शेवटच्या फोनला म्हणाली की आता मावळतीला दिसायलीय. दुसरी म्हणाली, पण टोळीनं वारणा नदी ओलांडली नाही, ती म्हणाली होती की पूल लागला नाही. तिसरा म्हणाला, पायऱ्या पाण्यात गेलेलं देऊळ हाय कोपीपासून जवळ, ती तिथं धुणं घेऊन जाते. म्हणजे कारखान्याच्या पूर्वेला, नदीच्या कारखान्याकडच्याच काठाला, बुडालेल्या पायऱ्यांच्या देवळाजवळ. ओट्यावर खुणा केल्या आणि तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "चल."

त्या प्रवासात माझे पाय सुजले होते आणि तू एसटीत पेरू खात होतीस, हे मला चांगलं आठवतं. कारखान्याच्या गेटवर बैलगाड्यांची रांग होती. तिथल्या एका गाडीवानाला तू देवळाच्या बुडालेल्या पायऱ्यांचं विचारलंस. त्यानं लगेच हात केला, "त्ये काय, नदीकडंनं खाली जावा." उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं आपल्याला निम्म्या वाटेपर्यंत सोडलं, पुढं आपण चालत गेलो. दुपार कलली होती. पालांच्या रांगेत एका चुलीपुढं रेणुका भाकरी थापत बसली होती. तिनं वर बघितलं. उठली नाही, नुसती बघत राहिली. तवा तापून धूर निघायला लागला तेव्हा तिला भान आलं.

"फोन फुटला म्याडम," ती पहिलं वाक्य हेच बोलली. "गाडीखाली आला. म्हून फोन केला न्हाई."

पोरगी समोर होती, धड होती. मी तिथंच दगडावर बसले.

गंगाधर आणि त्याची बायको फडातून आले. गंगाधरच्या कपाळावर आठी होती. तो आपल्याशी नीट बोललाच नाही. मी लग्नाचं काढलं तर म्हणाला, "बोलनं चाललंय. न्हाई म्हनून सांगत न्हाई." मी कायद्याचं बोलायला तोंड उघडलं आणि तू माझा हात दाबलास. मला तेव्हा तुझा राग आला. तू भाकरी मागून घेतलीस, ठेच्यासोबत खाल्लीस आणि रेणुकाला म्हणालीस, "चल, तू फोनवर सांगायचीस ते सगळं मला दाखव. आई-बाबांनाही घे."

ती पुढं, आपण मागं. तिनं पाट दाखवला, पाणी कुठून उचललंय ते दाखवलं. वारणा कुठल्या डोंगरातून येते आणि पुढं कुणाला मिळते ते सांगितलं. कारखान्याला एवढा ऊस का मिळतो आणि आपल्याकडं का पिकत नाही ते सांगितलं. मध्येच अडखळली की तू एक प्रश्न टाकायचीस. गंगाधर मागं हात बांधून चालत होता. माय मात्र पोरीच्या अगदी जवळून चालत होती. देवळाच्या पायऱ्यांवर आपण बसलो आणि तू गंगाधरला म्हणालीस, "परीक्षेपर्यंत हिला माझ्या घरी ठेवते. दहावीचंही बघते. तुम्ही हो म्हणा."

तो नदीकडं बघत राहिला. माय म्हणाली, "न्या."

एवढंच. त्यानं मान हलवली की नाही, यावर आपण पुढं कितीदा बोललो! मला वाटतं हलवली. तुला वाटायचं नाही हलवली.

परतीच्या गाडीत रेणुका तुझ्या खांद्यावर झोपली होती आणि आपण तिच्या डोक्यावरून कुजबुजत भांडत होतो. मी म्हणाले, "पोरगी सापडली म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. ती गावात राहिली असती तर हे घडलंच नसतं." तू म्हणालीस, "बरोबर आहे तुझं." तू असं कधीच म्हणायची नाहीस. मी चमकून बघितलं तर तुझे डोळे भरले होते. "शोभे, आपण तिला उचलून आणली. चारचौघांत त्याला खाली बघायला लावलं. बाप आहे तो."

रेणुका तुझ्याकडं दहावी होईपर्यंत राहिली. कृषी विद्यापीठाच्या मागच्या त्या दोन खोल्यांत तिघं कशी मावलात मला माहीत नाही. भाऊजी तिला इंग्रजी शिकवायचे आणि ती त्यांना दमात घ्यायची. मग बारावी, मग माती परीक्षणाचं शिक्षण. आता ती प्रयोगशाळेत नोकरीला आहे, मातीचे नमुने तपासते, आणि गेल्या साली आपल्या पसंतीनं लग्न केलं. हे सगळं तू बघितलंस. ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं याचं समाधान मी रोज मानून घेते.

माझंही झालं थोडं. गावातलं वसतिगृह आता नीट चालतं. यंदा नववीतलं एकही पोर उसाला गेलं नाही. मी तुला ते सांगायला आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "जिंकलीस की गं." मग जरा थांबून, "आता माझ्या वर्गाला फोन कोण करणार?" आपण इतकं हसलो की भाऊजी आत डोकावले. नंतर तुला कळ आली आणि हसणं थांबलं.

पण गंगाधरचं तुझ्या मनातून गेलं नव्हतं. दहावीच्या परीक्षेनंतर तो रेणुकाला न्यायला आला होता, तेव्हा फाटकाबाहेर उभा राहिला. तू आत ये म्हणालीस, आला नाही. पाणी दिलंस, घेतलं नाही. पोरीला घेऊन निघून गेला. पुढं इतक्या वर्षांत तो कधी तुझ्या दारात आला नाही. परवाच्या चैत्रातसुद्धा तू मला म्हणालीस, "त्याची मर्जी नसताना मी पोरगी आणली शोभे. चूक केली नाही, पण त्याचा मान मात्र गेला." मी तुला समजावत राहिले खरी. त्याच्या मनात काय होतं, मला तरी कुठं ठाऊक होतं?

तुझ्या तेराव्याला गंगाधर आला. रेणुका आणि जावई पुढं, तो मागं, धुतलेलं धोतर, डोक्याला टापशी. चपला बाहेर काढल्या, नळाखाली पाय धुतले आणि आत आला. तुझ्या फोटोला नमस्कार केला. मग पंगतीला बसला. मीच वाढत होते. त्यानं भात दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवण झाल्यावर तो अंगणात मला म्हणाला, "म्याडम, जरा बोलायचं व्हतं."

आम्ही पायरीवर बसलो. पहिल्यांदा तो बराच वेळ पावसाचं बोलला. मग म्हणाला, "तुमी दोघी फडावर आल्या, त्या दिशी सांजंला सुपारी फोडायची ठरली व्हती. मी सोयऱ्याला शब्द दिल्ता."

मी त्याच्याकडं वळून बसले.

"तुमाला बगून मला वाटलं, पोलीस आनल्यात. मनात म्हनलं, येऊ द्या, मी बी बगतो. पन त्या म्याडमनं पोरीला बोलाय लावलं. म्या मागून ऐकायलो. लय वर्सं झाली मला तिकडं जाऊन, माज्या लग्नाच्या आदीपासून जायलोय. त्या नदीचं नाव मला ठाव नव्हतं. नदी म्हनायचो नुस्तं. पोरगी म्हनली वारना, अन् ती कुटून येती ते सांगाय लागली. तवाच मनातून कोयता उतरला म्याडम. पन शब्द दिल्ता ना! तो कसा मोडू? आमच्यात शब्द मोडला की मानूस उटतो टोळीतून."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्याडम म्हनल्या, मी नेते. सांजंला सोयरे आले, त्यांला म्हनलं, शाळंच्या म्याडम आल्या अन् पोरीला घेऊन गेल्या, माजं काई चाललं न्हाई. त्यांलाबी पटलं. शाळंपुडं कुनाचं चालतंय? माजा शब्दबी राहिला अन् पोरगीबी राहिली." तो हसला. पुढचे दोन दात पडलेत त्याचे. "त्यांनी आडवं यिवून मला सोडिवलं. माज्या एकट्याच्यानं झालं नसतं."

मी त्याला विचारलं, "मग परीक्षेनंतर दारातून परत का गेलात? पाणीसुद्धा घेतलं नाहीत."

तो खाली बघत म्हणाला, "फडावरून सरळ आल्तो म्याडम. चार दिस अंगोळ नव्हती. त्या पांढऱ्या फरशीवर कसा येऊ? अन् म्याडमपुडं बसलो असतो तर रडलो असतो. लेकीपुडं बापानं रडावं का?" मग टापशी सारखी करत, "कितींदा वाटलं, जाऊन सांगावं. हिंमत झाली न्हाई. आता तर न्हाईतच."

आतून भाऊजींनी पान आणून दिलं. ते त्यानं खिशात ठेवलं. उठला, चपला घातल्या, दोन पावलं गेला आणि मागं वळला.

"तुमी लय जवळच्या ना त्यांच्या?" तो म्हणाला. "मग तुमीच सांगा त्यांला."

मी म्हटलं, "सांगते."